अलॉय व्हीलचे पोपडे का निघतात?

“अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही म्हणून तर जादा पैसे मोजून अलॉयवाली गाडी घेतली. मग पाच वर्षांत चाकावर हे पांढरं काय आलं?”

नांदेड-लातूरकडे गाडी बाळगणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. गाडीला अपघात झालेला नसतो. समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर. युरोपात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, तसलाही प्रकार इथे नाही. उन्हाळा तर असा कोरडा, की वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडक होतं. तरीही एमएच २४ आणि एमएच २६ च्या गाड्यांची चाकं जवळून पाहा. नटांच्या कडेला, दांड्यांच्या टोकाला, हवेच्या व्हॉल्व्हपाशी लॅकर फुगलेलं दिसतं आणि त्याखाली पांढऱ्या रेघा गेलेल्या असतात. नखाने उचकटलं की पोपडा हातात येतो.

हा दोष उन्हाचा नाही आणि वयाचाही नाही. लॅकरला कुठेतरी बारीक जखम होते आणि त्या जखमेतून खारट पाणी धातूपर्यंत पोचतं. आपल्या भागात ते मीठ समुद्रावरून येत नाही. आपणच ते बादलीने आणून चाकावर ओततो. हे कसं घडतं ते नीट पाहू, कारण ते कळलं की निम्मा इलाज कळला.

१. चमक नेमकी कुठे असते?

मोटारीची अलॉय रिम शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची नसते. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि साधारण ०.३ टक्के मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला रस साच्यात सगळीकडे नीट पसरतो, मॅग्नेशियममुळे पुढच्या उष्णता-प्रक्रियेत बळकटी येते. पुण्याजवळ शिक्रापूरला एनकेई कंपनीच्या कारखान्यात अशा रिमा तयार होतात. म्हणजे आपल्या चाकाचं माहेर फार लांबचं नाही.

ओतून, तासून झालेल्या रिमवर थर चढतात. आधी रसायनांनी धुऊन धातूवर एक अतिशय पातळ चिकट-पकड थर बसवतात. त्यावर पावडरचा प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांवर पारदर्शक लॅकर. हे सगळं मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास. आपण ज्याला चाकाची चमक म्हणतो ती या थरांची असते.

डायमंड कट रिमचं गणित वेगळं आहे. आधी सगळं चाक काळं किंवा राखाडी रंगवतात, मग लेथवर चढवून समोरचा भाग तासतात. तासलेल्या जागी रंग आणि प्रायमर दोन्ही जातात, चकचकीत धातू उघडा पडतो. त्यावर फक्त लॅकरचा थर. त्यातही एक मेख आहे. लेथने तासल्यावर कडा धारदार होतात आणि ओलं लॅकर धारेवर टिकत नाही, ते दोन्ही बाजूंना ओसरतं. ज्या ठिकाणी सर्वात जास्त संरक्षण हवं, तिथेच थर सर्वात पातळ राहतो. शोरूममध्ये सर्वात देखणी दिसणारी रिम पोपड्यांच्या बाबतीत सर्वात नाजूक असते, ती यामुळे.

२. अ‍ॅल्युमिनियम गंजतं का?

गंजतं, आणि लगेच गंजतं. उघडं अ‍ॅल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचं आवरण चढतं. पण हे आवरण लोखंडाच्या गंजासारखं भुसभुशीत नसतं. ते धातूला घट्ट चिकटतं आणि पुढची हवा अडवतं. ओरखडा पडला तर जागच्या जागी नवं तयार होतं. घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं ते याच आवरणाच्या जिवावर.

या आवरणाला तीन शत्रू आहेत: तीव्र आम्ल, तीव्र अल्कली आणि क्लोराइड. आम्ल म्हणजे फरशी-संडास साफ करायचं अ‍ॅसिड. अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा. क्लोराइड म्हणजे मिठातला तो भाग, जो आवरणात बारीक भोकं पाडतो. फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये आम्ल आणि क्लोराइड दोन्ही असतात. कुठल्या वॉशिंग सेंटरवर चाकांना ‘अ‍ॅसिड वॉश’ देतो म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. पाच मिनिटांत चाक पांढरंशुभ्र दिसेल, पण लॅकरच्या प्रत्येक बारीक चिरेत मीठ भरून ते घरी येईल. चाकं साफ करायच्या काही द्रावणांत फ्लोराइडयुक्त आम्लं असतात. ती तर धुणाऱ्या पोराच्या हाताच्या हाडापर्यंत इजा करू शकतात. त्या पोराचाही विचार आपण करायला हवा.

३. लॅकरखालची वाळवी

आता मूळ प्रश्न. पांढऱ्या रेघा वाकड्यातिकड्या, दोऱ्यासारख्या का पसरतात? एका जागी खड्डा पडून का थांबत नाहीत?

जुन्या घराच्या चौकटीला वाळवी लागते तेव्हा वरचा ऑइलपेंट तसाच राहतो. वाळवी एका फटीतून आत शिरते आणि रंगाच्या आडोशाने पुढे सरकते. मागे राहते ती माती. लॅकरखालचा हा गंज तसाच चालतो. शास्त्रात त्याला फिलिफॉर्म, म्हणजे धाग्यासारखा, गंज म्हणतात.

त्याला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोक्यापाशी खारट ओलाव्याचा एक सूक्ष्म थेंब अडकलेला असतो. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो, शेपटीच्या बाजूने मात्र जखमेतून हवा येत राहते. एकाच थेंबाच्या दोन टोकांना ऑक्सिजन कमी-जास्त असला की तिथे छोटीशी बॅटरी तयार होते. कमी ऑक्सिजनच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागतं, तिथलं पाणी तीव्र आम्ल बनतं आणि ते आम्ल लॅकरला धातूपासून सोडवत पुढे जातं. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम मागे शेपटीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात साचतं. तीच आपल्याला दिसणारी रेघ.

यातली सर्वात महत्त्वाची बाब अशी, की क्लोराइड या सगळ्यात फारसं खर्च होत नाही. ते डोक्याबरोबर पुढे पुढे जात राहतं. एकदा आत शिरलेली मिठाची कणी महिनोन्‌महिने काम करते. म्हणूनच पोपड्यावरून नुसता स्प्रे मारला तर तो टिकत नाही. वरून रंग दिला तरी आतलं मीठ आतच राहतं.

या गंजाला दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली गेली की तो थांबतो. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो निपचित पडतो आणि मृगाचा पाऊस लागला की पुन्हा हलू लागतो. “उन्हाळ्यात एवढं नव्हतं, पावसाळ्यात एकदम वाढलं” असं लोक म्हणतात ते अगदी बरोबर आहे. सुरुवात मात्र बहुधा आधीच झालेली असते.

४. जखम आणि मीठ

जखमा कुठून होतात, हे सांगायला लागू नये. आपली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. फोडली की धारदार निघते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरून गेलेले रस्ते उखडतात आणि खडी मोकळी होते. नागपूर-तुळजापूर महामार्गावरून नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा प्रवास एकवेळ नीट होईल. पण तिथून गावाकडे वळलं की चाकावर खडीचा मारा सुरू होतो.

दुसरी जखम टायरच्या दुकानात होते. टायर उतरवताना लिव्हर रिमच्या कडेला घासतो. बॅलन्सिंगची लोखंडी किंवा शिशाची वजनं हातोडीने कडेवर ठोकतात. तिथे लॅकर फुटतं, आणि वर दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं. अलॉयला चिकटपट्टीची वजनं आतल्या बाजूला लावायला सांगावीत. जुनी वजनं स्क्रूड्रायव्हरने खरवडू देऊ नयेत. एवढं तोंडाने सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता मीठ. हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

लातूरला पाण्याची किंमत सांगायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या शहराने पिण्याचं पाणी रेल्वेने येताना पाहिलं, तिथे गाडी धुवायला नळाचं पाणी वापरायला मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. मग गाडीसाठी उरतं ते बोअरचं पाणी. पाषाणात खोलवर मुरलेल्या या पाण्यात क्षार बरेच असतात.

आरओ बसवायला येणारा माणूस पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हा आकडा म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो ५०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरचा आकडा १००० आहे. धुतल्यावर एका चाकावर, खाचाखोचांत आणि नटांच्या खड्ड्यांत धरून, ५० मिलिलिटर पाणी तसंच राहिलं. ५० मिलिलिटर म्हणजे लिटरचा विसावा भाग. तेवढं पाणी वाळलं की चाकावर ५० मिलिग्रॅम क्षार उरले. आठवड्याला एक धुणं धरलं तर महिन्याला २०० मिलिग्रॅम. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. त्यातला बराचसा भाग चुन्याचा असतो आणि तो नुसते पांढरे डाग पाडतो. खरं नुकसान त्यातल्या क्लोराइडमुळे होतं.

पाणी वाचवणारी पुष्कळ घरं आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात. हेतू उत्तम आहे, पण हिशेब पाहा. १००० टीडीएसचं २ लिटर पाणी यंत्रात गेलं, म्हणजे २००० मिलिग्रॅम क्षार गेले. एक लिटर पिण्याचं निघालं, त्यात समजा १०० मिलिग्रॅम गेले. उरलेल्या एका लिटरमध्ये १९०० मिलिग्रॅम राहिले. म्हणजे बोअरच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट खारं पाणी आपण चाकावर ओतलं.

ते पाणी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. चिखल-धूळ त्यानेच काढा. शेवटी मात्र एक लिटर चांगलं पाणी घ्या. आरओचं घ्या, पावसाचं साठवलेलं घ्या, किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं घ्या. त्यात क्षार जवळपास नसतात. त्यात भिजवलेल्या फडक्याने चारही चाकं पुसा, मग कोरड्या फडक्याने नटांचे खड्डे टिपून घ्या. एक लिटर आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च. चाक तापलेलं असताना पाणी मारू नका. तापल्या चाकावर पाणी पुसायच्या आधीच वाळतं.

५. तपकिरी ठिपके निराळे

पुढच्या चाकांवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ते रिमचे नसतात. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाची गरम भुकटी उडते, लॅकरमध्ये रुतते आणि पावसात गंजते. लोखंड विरघळवणारं खास द्रावण बाजारात मिळतं. भुकटीला लागलं की ते जांभळं होतं. वापरल्यावर भरपूर धुवा. तारेची घासणी कधीच लावू नका.

पांढऱ्या डागाची परीक्षाही सोपी आहे. साधं व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्याने डागावर दोन मिनिटं धरा आणि धुऊन टाका. चुन्याचा डाग असेल तर निघून जाईल. लॅकरखालचा गंज ढिम्म हलणार नाही. लॅकर उडून धातू उघडा पडला असेल तिथे हा प्रयोग नको.

६. पंक्चर नाही, तरी हवा उतरते

दिसणारा गंज रूप बिघडवतो. न दिसणारा जास्त त्रासाचा. टायरची कड रिमला जिथे घट्ट बसते, तिथे गंजाची भुकटी साचली की हवा हळूहळू झिरपते. चांगल्या टायरमधली हवा महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होते. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरली आणि आठवड्यात २७ झाली, पाण्याच्या टाकीत मात्र ट्यूबलेस टायरवर बुडबुडा कुठेच नाही, तर रिमच्या कडेवर साबणाचं पाणी सोडून पाहा. तिथे बारीक फेस आला तर टायर उतरवून कड साफ करून घ्यावी लागेल. नवा टायर घालून हा दोष जात नाही. टायर बदलायचेच असतील, तर रिम दुरुस्त करायची सर्वात चांगली वेळ तीच.

७. डाग किती मोठा, त्यावर इलाज

नाण्याएवढा एखादा डाग असेल, तर घरी किंवा पेंटरकडे काम होतं. सैल झालेलं लॅकर घट्ट कड लागेपर्यंत काढायचं आणि त्यापुढेही बोटभर पॉलिश पेपर मारायचा, २४० पासून ८०० नंबरपर्यंत. कारण धाग्याचं डोकं डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं. पांढऱ्याचा एकही ठिपका राहता कामा नये, उजळ धातू लागला पाहिजे. मग चांगल्या पाण्याने पुसून, वाळवून, थिनरने साफ करून त्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा एचिंग किंवा एपॉक्सी प्रायमर मारायचा, त्यावर रंग आणि शेवटी लॅकर. नुसती लांबी भरून वर रंग मारणारा पेंटर भेटला तर त्याला थांबवा. हार्डनरचं लॅकर मारताना मोकळी हवा आणि योग्य मास्क हवाच, त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते.

हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करावं. पावसाळ्यात लॅकरखाली दमटपणा अडकतो. मेच्या दुपारी रंग नीट पसरायच्या आत वाळतो.

रेघा दोन-तीन दांड्यांवर पसरल्या असतील, तर ठिगळं लावत बसण्यात अर्थ नाही. सगळी रिम धातूपर्यंत सोलून नव्याने रंगवणं हाच इलाज. डायमंड कट असेल तर लेथवर पुन्हा तासून देणारे मोठ्या शहरांत भेटतात. पण दर वेळी थोडा धातू जातो, आणि वर पुन्हा तेच उघड्या धातूवरचं एकटं लॅकर येतं. माझं स्पष्ट मत असं, की आपल्या रस्त्यांना आणि आपल्या पाण्याला डायमंड कट मानवत नाही. एकदा पोपडे धरले की ती रिम पूर्ण रंगवून घ्यावी. गाडी विकताना चार पैसे कमी येतील, पण चाक टिकेल.

८. भट्टीपाशी सावध

पावडर कोटिंग मजबूत असतं, आणि ते करून देणारे मिळतातही. मात्र त्यांच्याकडचं बरंचसं काम लोखंडाचं असतं: कपाटं, पॅनेल, खिडक्यांच्या जाळ्या. लोखंडाला भट्टीत अर्धा तास जास्त राहिलं तरी काही होत नाही. अलॉयला होतं.

कारखान्यात रिम सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग १५० ते १६० अंशांत काही तास ठेवतात. या शेवटच्या पायरीत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात. चाकाची ताकद त्यांच्यात असते. पावडर पक्की व्हायला साधारण १८० ते २०० अंश लागतात. दहा-वीस मिनिटांपुरतं ते चालतं. पुन्हा पुन्हा किंवा तासभर तसं तापवलं तर ते कण मोठे होतात आणि धातू मऊ पडतो. अ‍ॅल्युमिनियम तापून लाल होत नाही, त्यामुळे नुकसान झालेलं डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून काम देण्याआधी विचारा: भट्टी किती अंशांवर, किती मिनिटं? जुना रंग कसा काढणार? गॅसच्या बर्नरने जाळून किंवा कॉस्टिकमध्ये बुडवून, असं उत्तर आलं तर चाकं उचलून घरी या. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारा सपाट भाग जाड रंगाने झाकू देऊ नका. तिथला रंग दबून बसतो आणि नट सैल होतात. चाकं चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या.

आणि सोलल्यावर रिमला तडा दिसला तर? खड्ड्यात आपटलेल्या रिमला बहुतेक वेळा आतल्या कडेला, जिथे कुणी पाहत नाही तिथे, तडा जातो. आर्गॉन वेल्डिंगने तो भरून देणारे कारागीर हुशार असतात, जोड सुरेखही दिसतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंची ती कारखान्यातली ताकद निघून जाते, आणि ती परत आणायची सोय गॅरेजमध्ये नसते. जुनी रिम विकत घेतानाही याच कारणाने आतली बाजू आधी पाहा. फक्त समोरून ताजा रंग असेल तर संशय घ्या. डाग, पोपडे, ओरखडे यांचा इलाज होतो. तडा गेलेली रिम मात्र भंगारात द्या, आणि कृपा करून ती स्टेपनी म्हणूनही डिकीत ठेवू नका.